काटा थांबल्यावर आकडा

सर्जेराव पोकळे यांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट घाईने केली नाही. एकदाच केली, आणि ती नेमकी नको त्या ठिकाणी.

छत्तीस वर्षं ते मार्केट यार्डात भुसार मालाच्या गाळ्यांवर तोलणाऱ्याचं काम करत होते. ट्रकमधून माल उतरला की पोतं काट्यावर चढवून घ्यायचं, वजन मोठ्या आवाजात पुकारायचं आणि पुढच्या पोत्याला हाक द्यायची. ऐकायला सोपं काम. पण त्यांचे वस्ताद हिंमतराव यांनी पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं होतं, की काटा थांबल्याशिवाय आकडा बोलायचा नाही. पोतं चढलं की दांडी वरखाली डुलत राहते. तोवर व्यापारी ओरडतो, ट्रकवाला हॉर्नवर हात दाबून धरतो, हमाल पाठीवर ओझं घेऊन शिव्या घालतो. घालू दे. तोलणाऱ्याने दांडीवरची नजर हलवायची नाही. ती स्थिर झाली की मग आकडा, आणि तोही असा सावकाश की लिहिणाऱ्याला पुन्हा विचारावं लागू नये.

सर्जेरावांनी हा नियम इतका पाळला, की यार्डात त्यांचं नावच ‘थांबाराव’ पडलं. पुढे आकडे स्वतःहून उजळणारे विजेचे काटे आले, तरी हे आपले दोन श्वास थांबून मगच पुकारायचे. तरणी पोरं हसायची. लांबून आलेले शेतकरी मात्र गाळ्यावर आल्याआल्या चौकशी करायचे, ‘थांबाराव आलेत ना आज?’

दुसरी सवय होती ‘लाभ’ म्हणण्याची. माल मोजताना पहिल्या पोत्याला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. दिवसाचा पहिला शब्द शुभ निघावा म्हणून जुन्या लोकांनी घालून दिलेली रीत. सर्जेराव निवृत्त झाले, सायकल भंगारात गेली, वडिलांच्या ज्वारीच्या रानावर धायरीतली सोसायटी उभी राहिली आणि ते तिच्यातच तिसऱ्या मजल्यावर राहायला आले, पण ही रीत काही सुटली नाही. ताटात पहिली भाकरी पडली की लाभ, रक्तदाबाची पहिली गोळी तोंडात टाकली की लाभ.

“लग्न तर एकदाच झालंय,” विजयमालाबाई म्हणायच्या, “मग बायकोला म्हना की लाभ.”

“त्याचा काटा अजून थांबला न्हाई,” सर्जेराव शांतपणे सांगायचे.

या सगळ्याचं खरं कौतुक होतं ते शेफालीला. शेफाली म्हणजे त्यांची नात, मराठी शाळेत तिसरीला. तिची आई नम्रता अमरावतीकडची, हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरीला. वडील पृथ्वीराज कामानिमित्त महिन्यातले वीस दिवस गावोगाव. त्यामुळे शाळेच्या बसवर पोरीला आणायला जायचं काम आजोबांचं. सोसायटीत लिफ्ट होती, पण हे दोघे कधी लिफ्टने जायचे नाहीत. खालच्या पायरीवर पाय ठेवला की सर्जेराव म्हणायचे, “लाभ.” शेफाली म्हणायची, “दोन.” असं करत चोपन्न पायऱ्या. गुडघे कुरकुरायचे, पण सर्जेरावांच्या दिवसातली सगळ्यात चांगली दहा मिनिटं तीच होती, हे त्यांनी कुणाला सांगितलं नसलं तरी घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि मग गणपतीत तो प्रकार झाला.

दर्शनाला माणसं आली होती. विश्रांतवाडीहून विजयमालाबाईंचे भाऊ दशरथही आले होते. आपल्याकडे पाहुण्यांना पोरांशी दुसरं काही बोलता येत नाही. नाव विचारायचं, इयत्ता विचारायची, आणि ते संपलं की पाढा. दशरथांनी मोदकाची वाटी हातात धरून फर्मावलं, “म्हण बघू साताचा पाढा!”

शेफाली उभी राहिली. सात सक बेचाळीसपर्यंत भराभर गेली आणि तिथे अडली. दहा-बारा माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती.

“काय दाजी,” दशरथ हसत म्हणाले, “तोलणाऱ्याच्या घरात आकडे अडायला लागले व्हय?”

हे सर्जेरावांना झोंबलं. इतकं झोंबलं, की छत्तीस वर्षांत व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला आणि स्वतः कधीही न वापरलेला शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला.

“पटकन बोल की! सात साती किती? पटकन!”

शेफालीने तोंड उघडलं आणि तिला उचकी लागली. कुणीतरी हसलं. तिला दुसरी उचकी लागली. “नाटकं करू नगंस,” सर्जेराव म्हणाले. पोर आतल्या खोलीत पळाली. तिच्या वाटणीचा मोदक संध्याकाळपर्यंत वाटीत तसाच होता.

लहान मुलं असलं विसरतात, असं मोठी माणसं स्वतःच्या सोयीसाठी म्हणतात. शेफाली विसरली नाही. म्हणजे तिने मनात ठेवलं असंही नाही, पण तिच्या उचकीने ठेवलं. घरात पाढा काढला की उचकी, शाळेत बाईंनी पाढ्यांचा तक्ता भिंतीला लावला की उचकी. डॉक्टरांनी तपासलं, गळा ठीक होता, पोट ठीक होतं. “कुणीतरी आठवन काढतंय,” असं म्हणून विजयमालाबाई साखर भरवत राहिल्या.

“पाढ्याच्याच वेळेला बरी आठवण येते लोकांना,” नम्रता म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीआधी तोंडी परीक्षा होती. शेफाली बुधवारी डबा तसाच परत आणायला लागली, कारण बुधवारी गणिताचा तास पहिला असायचा. पण सर्जेरावांच्या काळजात रुतलं होतं ते वेगळंच. पोर त्यांच्याशी नीट वागायची, विचारलं तर उत्तर द्यायची, पण बसमधून उतरली की मुकाट्याने लिफ्टकडे वळायची आणि बटण दाबून उभी राहायची. तेही मग लिफ्टमध्ये शिरायचे. तीन मजले दोघं दाराकडे बघत वर जायची.

नम्रताने फोनवर पाढ्यांचं एक ॲप घातलं. त्यात एक ससा ढोल बडवत पाढे म्हणायचा, आणि इतक्या वेगाने, की सर्जेरावांना वाटलं याला कुत्रं लागलंय मागे. तिसऱ्या ओळीलाच शेफालीची उचकी सुरू झाली. सशाला काढून टाकण्यात आलं.

एका शनिवारी दुपारी सर्जेराव बाल्कनीत मेथी निवडत बसले होते. आत नम्रता कपाळावर ओला रुमाल ठेवून पडली होती. आठवडाभर स्क्रीनपुढे बसून तिचं डोकं दुखायचं, तेव्हा ती फोनवर काहीतरी लावायची. एक बाई अगदी संथ आवाजात बोलायची. ‘डोळे मिटा.’ मग बराच वेळ काही नाही. ‘खांदे सैल सोडा.’ पुन्हा काही नाही. सर्जेरावांनी पूर्वी याची चिक्कार टिंगल केली होती. श्वास घ्यायलाही आता मास्तरीण लागते का, असं ते म्हणाले होते. पण आज त्यांनी मान वळवून पाहिलं तर शेफाली आईच्या कुशीत डोळे मिटून पडली होती. तिची मूठ उघडी होती आणि चेहरा गणपतीआधी असायचा तसा होता.

त्यांच्या हातातली काडी हातातच राहिली. ती बाई प्रत्येक वाक्यानंतर थांबत होती. समोरच्याचे खांदे खरोखर सैल पडेपर्यंत थांबत होती. ही बाई काटा थांबू देत होती.

सर्जेरावांना त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. ज्वारीच्या पोत्याला जेवढा वेळ दिला, तेवढा आपण नातीला दिला नाही. तिच्या डोक्यातली दांडी डुलत होती, अजून दोन श्वासांत ती थांबली असती, आणि आपण व्यापाऱ्यासारखे ओरडलो.

शेफाली खेळायला गेल्यावर त्यांनी सुनेला गाठलं. “हिच्यासारखं पाढे म्हननारी कोन बाई हाय का फोनमधी?”

नम्रताने शोधलं. “आहे बाबा, पण इंग्रजीत म्हणतेय. हिला शाळेत मराठीत म्हणायचेत.” मग ती फोन खाली ठेवून म्हणाली, “तुम्हीच का नाही म्हणत? रेकॉर्ड करायला दोन मिनिटं लागतात.”

“माझा आवाज ऐकला की तिला उचकी लागंल.”

नम्रतालाही तीच भीती होती.

रविवार दुपारपर्यंत सर्जेरावांनी विचार केला. मग आवाज बदलून म्हणायचं ठरवलं, त्या फोनमधल्या बाईसारखा मऊ. घरात मिक्सर, शेजारी ड्रिल मशीन, खाली पोरांचं क्रिकेट. शेवटी नम्रताचा फोन आणि पृथ्वीराजच्या मोटारीची किल्ली घेऊन ते पार्किंगमध्ये गेले, काचा वर करून मागच्या सीटवर बसले आणि डोळे मिटले. डोळे मिटल्यावर समोर गाळा आला. हमाल एकामागून एक येत होते. ‘सात दुणे,’ सर्जेराव म्हणाले, आणि पोतं काट्यावर टेकायची वाट पाहिली. दांडी डुलली, हळूहळू थांबली. ‘चौदा.’ आणि पोतं उतरलं म्हणून नकळत त्यांचा तळहात सीटवर पडला, थप.

असे दहापर्यंत ते पोचतात न पोचतात तोच काचेवर टकटक झाली. वॉचमन पोपट कपाळाला हात लावून आत डोकावत होता.

“काका, गुदमरताय का?”

“न्हाई रं. पाढा म्हनतोय.”

पोपट निघून गेला. संध्याकाळपर्यंत अर्ध्या सोसायटीने विजयमालाबाईंकडे सर्जेरावांच्या तब्येतीची मोठ्या काळजीने चौकशी केली.

सोमवारी नम्रता घरूनच काम करत होती. चार वाजता शेफाली दूध पिऊन सतरंजीवर लवंडली, तेव्हा नम्रताने नेहमीसारखा फोन उशीजवळ ठेवला. “आज वेगळं आहे. नुसतं ऐकायचं. म्हणायचं काहीच नाही,” ती म्हणाली. सर्जेराव स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहिले. विजयमालाबाईंनी गॅस बंद केला, म्हणजे कुकरची शिट्टी मध्ये नको.

फोनमधून आवाज आला. मऊ, संथ, ओळखूच येऊ नये असा. सर्जेराव स्वतःवर खूश झाले.

‘सात लाभ...’

मग लांबलचक शांतता.

‘सात.’

थप.

सर्जेरावांनी कपाळावर हात मारून घेतला. एवढा आवाज बदलला, एवढं मोटारीत कोंडून घेतलं, आणि पहिल्याच ओळीत ‘एके’च्या जागी ‘लाभ’! मोजायच्या सुरात तोंड उघडलं की दुसरा शब्द निघतच नाही, हे आपल्याला आधी का सुचलं नाही? सगळ्या पुण्यात असा पाढा म्हणणारा दुसरा माणूस सापडला नसता. ते उचकीची वाट बघू लागले. फोनमध्ये सात दुणे झालं, सात त्रिक झालं.

“आई,” शेफालीचा आवाज आला.

“हं?”

“आजोबा आहेत ना हे?”

नम्रताने दाराकडे पाहिलं. खोटं बोलून काही उपयोग नव्हता. “हो.”

दाराआड विजयमालाबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला होता, हे त्या दोघांच्याही नंतर लक्षात आलं.

“पहिल्यापासून लाव,” शेफाली म्हणाली.

उचकी लागली नाही. शेवटपर्यंत लागली नाही. सर्जेराव स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि त्यांनी दोन भांडी पाणी प्यायलं, जणू उचकी त्यांनाच लागणार होती.

पुढचे चार दिवस ती नुसतीच ऐकत होती. पाचव्या दिवशी ओठ हलले. आठव्या दिवशी ‘सात सक’नंतरच्या शांततेत, अगदी हळू, ‘बेचाळीस’ ऐकू आलं, आणि मग फोनमधल्या आजोबांनीही बेचाळीसच सांगितलं. त्या मधल्या रिकाम्या जागेत तिच्यावर कुणी डोळे वटारून बसलेलं नव्हतं. उत्तर आलं तर आलं, नाही आलं तर आजोबा सांगतीलच. सर्जेरावांनी मग आठाचा, नवाचा, सहाचा असे सगळे पाढे मोटारीत बसून भरले. पोपट आता गाडीजवळ कुणाला हॉर्न वाजवू देत नसे. ‘लाभ’ काढून पुन्हा नीट म्हणू का, असं त्यांनी नम्रताकरवी विचारलं. निरोप आला, बदलायचं नाही.

तोंडी परीक्षा झाली. त्या दिवशी सर्जेराव बस यायच्या अर्धा तास आधीच फाटकात जाऊन उभे होते. शेफालीने दप्तरातून वही काढून त्यांच्या हातात दिली. बाईंनी लिहिलं होतं, ‘पाढे उत्तम. कृपया ‘लाभ’ऐवजी ‘एके’ म्हणण्याचा सराव घ्यावा.’ सर्जेरावांनी ते फाटकातच तीनदा वाचलं. त्यांना इतकं हलकं वाटलं, की पोपटला त्यांनी उगाचच विचारलं, जेवलास का. पोरीचा डबा रिकामा होता, तो त्यांनी दोनदा हलवून पाहिला.

पण वर जाताना शेफालीने लिफ्टचंच बटण दाबलं. सर्जेरावांनी मनाची समजूत घातली, की उचकी गेली हेच खूप झालं. माणसाने एका वेळी फार मागू नये.

भाऊबीजेला दशरथ आले. ओवाळून झालं, फराळाचं ताट पुढे आलं, आणि चकलीचा पहिला तुकडा मोडता मोडता त्यांनी विचारलंच, “काय शेफालीबाई, साताचा पाढा पोचला का मुक्कामाला?”

“दशरथराव, चकली खावा,” सर्जेराव म्हणाले. “पोरीला कुनी काय इचारायचं न्हाई.” मग त्यांना वाटलं एवढं पुरेसं नाही. ज्यांच्यासमोर ओरडलो होतो त्यांच्यातला एक जण तरी समोर आहे, तर त्याच्यासमोरच बोललं पाहिजे. “गनपतीत चूक माझी झाली. छत्तीस वरसं पोत्यांसाठी थांबलो, आन् हिच्यासाठी थांबलो न्हाई. नाटकं न्हवती ती पोरीची. मी उगा वरडलो.”

दशरथांचा चकलीचा हात हवेतच राहिला. थट्टा करायला आलेल्या माणसाला असं काही ऐकायची तयारी नसते.

शेफाली दाराशी उभी होती. ती पुढे आली, हात मागे बांधले आणि कुणी सांगितलेलं नसताना म्हणाली, “सात लाभ सात.”

मग थांबली. “सात दुणे चौदा.” पुन्हा थांबली. तिला घाई नव्हती. सात सकचे बेचाळीस झाले, आणि ती म्हणाली, “सात साती...”

शांतता लांबत गेली. दशरथांनी मदत करायला म्हणून तोंड उघडलं, तेव्हा सर्जेरावांचा तळहात वर झाला. यार्डात ओरडणाऱ्या व्यापाऱ्यांपुढे व्हायचा तसाच. दशरथ गप्प बसले.

“एकोणपन्नास,” शेफाली म्हणाली.

सत्तरपर्यंत ती गेली, आणि उचकी कुठे फिरकलीही नाही. विजयमालाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि तिखट लागल्याची सबब सांगितली, हातात तर त्यांच्या बेसनाचा लाडू होता. शेफाली दशरथांकडे वळली.

“आता तुम्ही तेराचा म्हणा, मामाआजोबा.”

दशरथांना हसत हसत सुरुवात करावी लागली. तेरा पाचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर इथवर गाडी आली आणि बंद पडली. ते छताकडे पाहू लागले.

“सावकाश,” शेफाली म्हणाली. “मी थांबलेय.”

ती खरंच थांबली, आणि त्यांना एक्याण्णव सापडेपर्यंत दुसऱ्या कुणाला बोलू दिलं नाही.

दिवेलागणीला सगळे दशरथांना सोडायला फाटकापर्यंत गेले. परतताना लिफ्ट खालीच उभी होती. विजयमालाबाई आत शिरल्या, नम्रता शिरली. सर्जेराव एक पाय आत ठेवणार, तर शेफाली बाजूला दिसेना. त्यांनी मागे पाहिलं.

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती.

“लाभ,” ती म्हणाली.

सर्जेरावांनी लिफ्टमधल्या दोघींना जायची खूण केली. दार बंद झालं. सकाळपासून फिरून गुडघे धरले होते, कठड्याला हात लावून पाय उचलायला त्यांना वेळ लागत होता. शेफाली पुढे गेली नाही, काही बोललीही नाही. आजोबांचा पाय पायरीवर नीट टेकेपर्यंत ती त्याच्याकडे बघत उभी राहिली, आणि तो टेकल्यावर म्हणाली, “दोन.”